रानात झाडं लावायला गेले आणि आधी रानच साफ करून बसले

वाटणीत मला रान आलं. आमचं गाव संगमेश्वर तालुक्यात, २०१६ ला एकदाची वाटणी झाली तेव्हा भातशेती आणि कलमं दादाकडे गेली (चुलतभाऊ, गावातच असतो) आणि माझ्या वाट्याला पावणेतीन एकर वरकस आलं, म्हणजे सातबारावर वरकस, प्रत्यक्षात उतारावरचं रान. खाली पऱ्या (पावसाळी ओढा), मध्ये ऐन-किंजळ-जांभूळ, वर जांभा कातळ आणि एका कोपऱ्यात कधीकाळी कुणाच्या तरी डोक्यातून निघालेला अर्धा एकर अकेशिया. २००९ मध्ये बाबांनी आणि काकांनी ठेकेदाराला तोड दिली होती, कोकणात खाजगी रान आठ-दहा वर्षांनी असंच जातं, त्यामुळे उरलेली झाडं सगळी बुंध्यातून फुटलेली, मांडीएवढी. मोठं म्हणावं असं एकच, पऱ्याकाठचा उंबर, तो कुणी तोडत नाही म्हणून राहिलेला.

माझ्या डोक्यात साधी गोष्ट होती. लहानपणी मे महिन्यात गेलो की ककणेर (धनेश पक्षी) दिसायचे, भेकर (लहान हरीण) ओरडायचं, संध्याकाळी आजी पऱ्यावर एकटं जाऊ द्यायची नाही. आता तिथे काहीच नाही म्हणून मी झाडं लावणार, फळांची, म्हणजे पक्षी येतील, प्राणी येतील. दादाला सांगितलं तर तो हसायलाच लागला, "बाय, रानात कोन झाडां लावतं काय गो? मंग दर्यात पानी पन वत थोडा."

२०१७ च्या मे मध्ये रजा टाकून गेले आणि पहिलं काम काय केलं तर साफसफाई. आत शिरताच येत नव्हतं ना, खड्डे कुठे मारणार. सहा गडी, चार दिवस, कोयत्या. करवंदीच्या जाळ्या, तोरण, दिंडा, कुडा, मुरडशेंग, वेली, जे कमरेच्या खाली ते सगळं काढलं आणि पातेरा (वाळका पालापाचोळा) पण झाडून एका बाजूला ढीग केला. मोठी झाडं तेवढी उभी. फोटो काढून आमच्या फॅमिली ग्रुपवर टाकले तर सगळ्यांचे अंगठे, आत्याने लिहिलं बाग कशी छान दिसतेय. बागच दिसत होती, तोच तर घोळ होता, पण हे कळायला मला दोन पावसाळे लागले.

रोपं एका नर्सरीतून आणली, अडीचशे. मी म्हटलं होतं जंगली झाडं द्या. त्याने सप्तपर्णी, कांचन, करंज, बहावा, सिल्व्हर ओक, थोडी जांभळं असं भरून दिलं आणि गिरिपुष्पाचे दांडे फ्री. यातली निम्मी आमच्या रानातली नाहीतच, आणि सिल्व्हर ओक तर ऑस्ट्रेलियाचा. पण तेव्हा मला हिरवं म्हणजे हिरवं. मृगाला दोन-दोन फुटांचे खड्डे मारायचे ठरलेले, वरच्या अंगाला फूटभरात पहार खणखणायला लागली, कातळ. गडी म्हणाला ताय, हितं खड्डा नाय, टाकी व्हईल. खरंच झाली, जुलैत त्या खड्ड्यांत पाणी साचून रोपं कुजली. आमच्याकडे साडेतीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो पण दिवाळीनंतर त्याच कातळावर थेंब राहत नाही, म्हणजे जे पाण्याने मेलं नाही ते उन्हाने मेलं. भात कापून झालं की गुरं मोकाट सोडतात, ती आली. आणि मार्चमध्ये शेजारच्या भाजावळीची (भाताची जमीन पालापाचोळा जाळून भाजतात ती) आग सुटली, साफ केलेल्या रानात गवत माजलेलंच होतं, ती दहा मिनिटांत वरपर्यंत गेली.

मे २०१८ ला मोजली. ४१ जिवंत. त्यात १९ करंज.

त्या वर्षी काहीच लावलं नाही, पैसेही नव्हते आणि तोंडही नव्हतं. पण दिवा पॅसेंजरने दर महिन्याला जात राहिले, सकाळी नुसती जाऊन बसायचे. आणि बसून बसून एक गोष्ट लक्षात आली. माझ्या साफ केलेल्या भागात शुकशुकाट आणि गडग्यापलीकडे (दगडी बांध), दादाच्या हद्दीत, जिथे कुणी हात लावला नव्हता त्या करवंदीच्या गचपणात नुसता कलकलाट. बुलबुल, सातभाई, मधूनच रानकोंबडी पातेरा उकरत असायची. सगळी वस्ती खालच्या माळ्यावर होती आणि मी तोच माळा पैसे देऊन पाडला होता. वर झाडं आहेत म्हणून रान आहे असं आपल्याला वाटतं, पण बुलबुलाला घरटं कमरेएवढ्या झुडपात लागतं, आणि नवरंग पक्षी, जो पावसाच्या तोंडावर आमच्याकडे येतो आणि पहाटे दोन सुरांची शीळ घालत सुटतो, तो तर जमिनीवर पातेऱ्यातच किडे शोधतो. मी पातेरा झाडून ढीग लावला होता!

तर पुढची तीन वर्षं मी काय केलं, तर जे सहा गड्यांनी चार दिवसांत काढलं ते परत लावलं. दादाला सांगायची लाज वाटत होती.

बी मात्र या वेळी स्वतः गोळा केलं. गावात देवराई आहे, तिथलं वाळलेलं पानसुद्धा उचलत नाहीत, म्हणून आधी गुरवांना विचारलं, त्यांनी नारळ ठेवायला लावला, गाऱ्हाणं घातलं आणि म्हणाले वाटेवर पडलेलं घे, आत हात घालू नको. वाटेवर पडलेलंच इतकं होतं की दोन पिशव्या भरल्या. बेहडा, आळू (रानफळाचं झाड, भाजीचं अळू नव्हे), भेरली माड, शिवण, असाणा, पऱ्याच्या अंगाला माकडलिंबू. यात एक शिकले ते सांगते कारण मी आधी हेच चुकले होते, जांभूळ आणि करवंदाचं बी ठेवायचं नाही, खाल्लं की धुऊन आठवड्याभरात मातीत गेलं पाहिजे, सुकवून डब्यात ठेवलंत तर पुढच्या वर्षी ते फक्त डब्यात वाजतं. बेहड्याचं उलट, कवच दगडासारखं, ते भिजवून शेणकाल्यात ठेवून मग टाकलं तरी निवांत उगवतं. काकीने दुधाच्या पिशव्या वर्षभर धुऊन ठेवल्या होत्या, त्यात मागच्या पडवीच्या बाजूला रोपं केली, आणि पाणी घालायचं काम तिनेच केलं, मी डोंबिवलीत बसून फोनवर चौकशी करायचे तेवढंच.

२०१९ च्या पावसात लावताना पद्धत बदलली. खड्डे फक्त पऱ्याकाठच्या मातीत. वरच्या कातळाकडे सरळ टोकण, म्हणजे जिथे फटीत माती आहे, एखादं गवताचं ठोंब आहे, तिथे काठीने भोक पाडून बी टाकायचं आणि पुढे जायचं. तिथे करवंद, तोरण, धायटी. ही झाडं कातळाचीच आहेत, त्यांना माझी दया नको होती. एकेक झुडूप सुटं न लावता पाच-सहा जवळजवळ लावली, कारण एकटं करवंद म्हणजे काटेरी काडी आणि सहा मिळून जाळी, आत साप पण राहील आणि ससा पण. आणि गंमत म्हणजे जाळीच्या मधोमध टाकलेलं जांभूळ गुरांच्या तोंडातून आपोआप वाचतं. बाकी रोपांना काटी लावली आणि गुरांच्या वाटेवर पांगाऱ्याचे खुंट ठोकून वई (कुंपण) केली. पांगाऱ्याचा खुंट मृगात ठोकला की फुटतो, शिवाय फेब्रुवारीत लाल फुलं येतात, मध प्यायला शिंजीर, कोतवाल, मैना सगळ्यांची रांग. वडाच्या हाताएवढ्या जाड फांद्या पण अशाच लावल्या, वरच्या कापाला शेणमाती थापून. सातातल्या तीन जगल्या. उंबराचे खुंट चारही गेले.

पटकन फळ हवं असेल तर बोखाडा लावा, काळा उंबर म्हणतात तो. कुणी त्याला विचारत नाही, खरखरीत पानं, दिसायला काही नाही, लाकडाचा उपयोग नाही. पण पऱ्याच्या कडेला चौथ्या वर्षी बुंध्यापासून फळांनी लगडला आणि रात्री वटवाघळं, दिवसा कुटुर्गा आणि बुलबुल. वड-उंबराच्या जातीचं महत्त्व असं की रानातलं बाकी सगळं ठरलेल्या मोसमात पिकतं, जांभूळ करवंद मे-जूनमध्ये, पण यातलं कुठलं ना कुठलं झाड अवेळी पिकलेलं असतं, ऐन गरजेला. आणि प्रत्येक जातीची आपली वेगळी बारीक माशी असते, तीच फळात शिरून परागीभवन करते, म्हणून उंबर फोडला की आत ते चिलटासारखं दिसतं. लहानपणी आम्ही ते फुंकर मारून खायचो.

दिंड्याबद्दल मला एक पानभर लिहिता येईल. दिंडा म्हणजे खरं तर गड्यांनी सगळ्यात आधी छाटलेली वस्तू, ठिसूळ, पचपचीत, कशालाच नाही. पण पावसात फुलला की त्याच्या एका घोसावर फुलपाखरं, गांधीलमाश्या, मुंग्या, भुंगे असं सगळं एकत्र जेवायला बसलेलं असतं, मग काळी फळं येतात ती पक्षी खातात. सावलीत येतो, मुळातून फुटतो, आणि मुख्य म्हणजे फुकट. कढीनिंबही तसाच, रानात आपोआप पसरतो, त्याच्यावर पाखराच्या विष्ठेसारख्या दिसणाऱ्या अळ्या असतात, त्या मारू नका, त्यांची काळी फुलपाखरं होतात. माकडलिंबाच्या कोवळ्या पानांवर ब्लू मॉरमॉनच्या अळ्या मिळाल्या, २०१५ मध्ये ज्याला राज्य फुलपाखरू केलं ते. काकी म्हणाली राज्याचं असू दे, माझ्या लिंबावर नको.

अकेशियाचं काय करायचं हा मोठा प्रश्न होता. खाली काही उगवत नाही, पानांचा जाड थर कुजत नाही. तोडून विकायचा विचार होता, मग वाटलं तोडताना उतारावरून ओंडके ओढतील आणि खालची नवीन झुडपं मरतील. म्हणून एका पावसाळ्यात विरळणी करून निम्मे काढले, तेही दादाच्या सरपणाला, आणि बाकीतल्या पंधरा-वीस झाडांची बुंध्याभोवती वीतभर साल सोलून त्यांना उभ्या उभ्या मरायला सोडलं. भयंकर दिसत होतं. वाडीत सगळ्यांना वाटलं बाई आता पूर्णच गेली. पण त्या वाळलेल्या काटक्यांवर कोतवाल आणि बुलबुल बसायला लागले, सुतार पक्ष्याने भोकं पाडली, आणि दुसऱ्या पावसात प्रत्येक वाळल्या झाडाखाली मी न लावलेली रोपं. असाणा, चांदाडा, कढीनिंब, भोकर. पक्षी बसतो, शिटतो, बी पडतं, एवढंच. मी दोन वर्षांत जेवढी लावली त्यापेक्षा जास्त त्या वीस काठ्यांखाली आली असतील. अर्थात पाखराला देशी-परदेशी कळत नाही, घाणेरीची रोपंही ढिगाने आली. ती मी उपटते, पण मोठ्या घाणेरीच्या जाळ्या एकदम काढल्या नाहीत, दर वर्षी थोड्या, फुलण्याआधी, शेजारी करवंद उभं राहिलं की मगच. पहिल्या साफसफाईची भीती बसलीय. रानमोडी मात्र दिसली की काढायची, उन्हाळ्यात ती वाळून नुसतं रॉकेल होते.

आगीसाठी जाळरेषा. हे काम कंटाळवाणं आहे आणि ह्याच्याशिवाय बाकी सगळं फुकट आहे. डिसेंबर संपायच्या आत हद्दीने दहा-बारा फूट पट्टा गवत कापून, पातेरा आत सारून मोकळा करायचा (बाहेर नाही, आत, एवढं तरी शिकले). भाजावळीच्या दिवसांत शेजारच्यांना फोन करून विचारायचं कधी पेटवणार, आणि त्या दिवशी आपलं माणूस तिथे उभं करायचं. २०१८ नंतर एकदाच आग आत आली, ती पण दहा गुंठ्यांत थांबली.

एक सावर गेली ते वेगळं. काटेसावरीची रोपं झपाट्याने वाढतात, तीन वर्षांत डोक्याच्या वर गेली, आणि शिमग्यात फाकपंचमीला पोरांनी छोट्या होळीसाठी त्यातलीच सरळ बघून तोडून नेली. कुणाला बोलणार, लहानपणी आम्हीही तेच केलंय.

मे २०२१ च्या तौक्ते वादळात एक ऐन आडवा झाला. दादा लगेच आरी घेऊन, म्हटलं राहू दे. आता त्याच्यावर पावसात अळंबी येतात, खाली मुंगसाने बीळ केलंय, आणि दादा दर वेळी जाताना त्याच्याकडे बघून किती मण निघालं असतं ते सांगतो.

त्याच वर्षी कॅमेरा ट्रॅप घेतला, सात हजाराच्या आसपास. पहिले चारशे फोटो हलणाऱ्या गवताचे. मग दादाचा बैल, पुढून, मागून, बाजूने. मग एकदा रात्री दोन वाजता साळिंदर, काटे पसरून, अगदी राजेशाही. मी ऑफिसमध्ये सगळ्यांना दाखवला. पुढच्या महिन्यात गेले तर त्याच साळिंदराने माझ्या सहा शिवणींची बुडाची साल कुरतडून ठेवलेली! पण वाचलेल्या शिवणी मोठ्या होतायत, एकीची पिवळी फळं पडायला लागली आणि त्यासाठी भेकर आलं, ते कॅमेऱ्यात नाही, मी डोळ्यांनी बघितलं, साडेसहाला, पऱ्याच्या पलीकडे, पंधरा-वीस पावलांवर. दोघी एकमेकींकडे बघत राहिलो. कांडेचोर (उदमांजर) तर नेहमीचाच झाला, वाटेवरच्या दगडावर भेरली माडाच्या बियांची त्याची शी असते, ती मी उचलून पिशवीत भरते, धुतलेलं तयार बी, नवरा ट्रेनमध्ये माझ्यापासून लांब बसतो.

आता जी गोष्ट अशा लिखाणात सहसा कुणी सांगत नाही ती. २०२२ च्या भातात डुकरं शिरली. खालच्या वाडीतल्या एका कुटुंबाचं पाव शेत एका रात्रीत आडवं. आणि ते सरळ माझ्याकडे आले, म्हणाले तुमी रानात खायला घालून ठेवताव, आमच्याकडं पाठवताव. डुकरं माझ्या आधीही होती, केलडी (माकडं) तर आमच्या पन्हळीवर नाचतातच, पण मी काय उत्तर देणार, गचपण मीच वाढवलं होतं आणि डुकराला दिवसा लपायला गचपणच लागतं. मी महिन्यातून दोन दिवस येते आणि भेकर बघून खूश होऊन जाते, त्यांना रात्री मचाणावर बसून डबा बडवावा लागतो. शेवटी शेताच्या बाजूचा तीस-चाळीस फुटांचा पट्टा मी मोकळा ठेवला, तिथे झुडूप नाही, फळझाड नाही, गवतही कापलेलं, कोकमाची दोन झाडं होती ती तेवढी राहिली. त्यांच्या कुंपणाच्या जाळीचे निम्मे पैसे दिले. त्याने डुकरं थांबली नाहीत, कमी झाली. आमचं बोलणं चालू राहिलं हे महत्त्वाचं, कारण आग लागली तर पहिले धावणारे तेच आहेत. कुणी असं काही करणार असेल तर मी म्हणेन आधी शेजारी कुठे काय पिकवतो ते बघा, मग रोपं आणा.

खर्चाचं विचारतात म्हणून, पहिल्या वर्षी मी साठ हजाराच्या वर घालवले आणि हाताला ४१ झाडं लागली. त्यानंतरची सगळी वर्षं मिळून तेवढे गेले नसतील, त्यातले बरेचसे जाळरेषेच्या मजुरीचे.

ककणेर येतात. उंबर पिकला की चार-पाच जण, पंखांचा तो आवाज, जुन्या इंजिनसारखा, घरापर्यंत ऐकू येतो. खातात, बिया टाकतात, संध्याकाळी पलीकडच्या डोंगरावर निघून जातात. राहत नाहीत. कारण त्यांना घरट्याला ढोली लागते, मादी त्यात स्वतःला लिंपून घेऊन महिनोन् महिने बसते आणि नर बाहेरून फळं भरवतो, आणि एवढी ढोली धरायला जुनं जाडजूड झाड पाहिजे. आमचे दोन म्हातारे बेहडे होते, २००९ च्या तोडीत गेले. मी लावलेले बेहडे आत्ता कुठे मनगटाएवढे आहेत.

गडग्याला लागून एक आहे पण. आमच्या हद्दीत नाही, शेजारच्यांच्या. दोघांच्या कवेत न मावणारा, वीस-पंचवीस फुटांवर ढोली, मागच्या फेब्रुवारीत एक नर तिच्या तोंडाशी लटकून आत डोकावताना काकीने बघितलाय. गेल्या महिन्यात ठेकेदार त्याला पट्टी लावून, घेर मोजून गेला. शेजारच्यांचं म्हणणं बारा हजार, मी म्हटलं आठ देते आणि झाड तुमचंच राहू दे, फक्त तोडायचं नाही, आणि तसं कागदावर लिहून घेऊ. ते म्हणाले उभ्या झाडाचे पैसे देऊन तुम्ही नेणार काय? दादा मध्यस्थी करतोय. तो म्हणतो दहाला तुटेल. पुढच्या शनिवारी जातेय.